दोन 'आहे'

नोव्हेंबरात केमीला तीनच्या आतच अंधार पडतो.
खिडकीत मग बाहेरचं काही दिसत नाही,
वर्गच दिसतो उलटा:
अकरा मुलं, बारावी मी,
आणि फळ्यावर स्पॅनिश क्रियापदं,
ओल्या मोज्यांसारखी ओळीनं वाळत घातलेली.

बावीस वर्षं मी चुका काढल्या,
माशातले काटे काढावेत तशा.
ताटात उरायचा नुसता लगदा.
मुलं जपून लिहायला शिकली:
माझ्याकडे मांजर आहे.
अकराही जणांकडे मांजर.
(कुत्र्यात दोन र येतात, एखादा निसटतो.)

यंदा एक जाड निळी वही आणली.
म्हटलं, ही माझ्यासाठी नाही लिहायची.
पोस्टानं जाईल, उरुग्वेच्या किनाऱ्यावर,
एका गावच्या वाचनालयात.
टेबलावर पडून राहील. माणसं वाचतील.
"कोण माणसं?" वेइक्कानं विचारलं.
मला तरी कुठे माहीत होतं.
म्हटलं, ज्यांना तुमचे मार्क ठाऊक नाहीत अशी.

आठवड्याभरात सगळी मांजरं पळाली.
आउनेनं लिहिलं, कागदाची मिल बंद पडल्यापासून
दोरीवरच्या कपड्यांना कसलाच वास येत नाही,
आणि बाबांना तोच वास हवाय.
वेइक्काला समुद्र गोठताना होणारा आवाज लिहायचा होता.
शब्दकोशात सापडेना.
त्यानं आमचाच शब्द तिथे ठेवून दिला,
परक्या घरात चपला ठेवाव्यात तसा, दाराशी.

जानेवारीत वही परतली, फुगलेली,
कडांना काहीतरी पांढरं. मीठ असेल,
साखरही असेल, मी चाखून पाहिलं नाही.
समासात अनोळखी अक्षरं.
नासारेना, वय चौदा:
'समुद्रावरून गाडी चालवता? थापा मारू नका.'
मासळीवाले दोन एलिसेओ:
'बर्फ मी फक्त माशांखाली पाहिला आहे.'
मुलं एकमेकांच्या डोक्यावरून वाचत होती.
घंटा झाली ते मलाच सांगावं लागलं.

तुइस्कू वर्गात कधीच बोलत नाही.
त्या रात्री वहीत तिच्या तीन ओळी सापडल्या, पेन्सिलीनं:
माझा भाऊ ओत्सो.
त्याला मोटरसायकल आवडते.
तो मेलेला आहे.

माझा हात खणाकडे गेला.
खणात लाल पेन.

त्या भाषेत 'आहे' दोन आहेत.
एक मुरलेलं:
मीठ खारट आहे, मी या गावची आहे.
दुसरं पाहुणं:
चहा गरम आहे, दार उघडं आहे,
आई बाजारात आहे.
आत्तापुरतं. निघेल.
तुइस्कूनं मुरलेलं वापरलं होतं.
कुणीही तेच वापरलं असतं.
आणि ते चूक.
मेलेल्यांना तिथे पाहुणंच 'आहे' लागतं.
का, हे मी बावीस वर्षांत
एकाही वर्गाला नीट सांगू शकलेले नाही.
'अपवाद' म्हणते आणि फळा पुसते.

खण लोटला. वही तशीच पाठवली.

मार्चमध्ये समासात नासारेना,
या खेपेला अक्षर बारीक:
'आम्ही इथे दुसरं वापरतो.
माझी आजीपण त्यातच आहे.
मोटरसायकल कुठल्या रंगाची?'

तुइस्कूनं वाचलं. पुन्हा वाचलं.
पाच वाजले होते, बाहेर अजून उजेड.
मग माझ्याकडे खोडरबर मागितला.
वर्षभरात मागितलेली पहिली गोष्ट.
एकच शब्द खोडला, त्या जागी पाहुणा लिहिला,
कागद थोडा फाटला तिथे.
'आवडते' तसंच ठेवलं.
मीही काही म्हटलं नाही.

नंतर, प्रश्नाखाली,
मी न सांगता,
मुरलेलं 'आहे' घेऊन, अचूक:
मोटरसायकल हिरवी आहे.